चाकाखालची सावली

दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली की माझी नजर सारखी दाराच्या कडीकडे जाते. लोक एकमेकांना सोनं देत असतात, दारांवर झेंडू असतो, सोसायटीच्या गेटवर गाड्या धुऊन पुसून रांगेत उभ्या असतात, आणि मला वाटत राहतं की आता कुणीतरी घर आवरायला घेणार. मुंबईत येऊन बरीच वर्षं झाली. बोरिवलीत घर झालं, दारावर माझ्या नावाची पाटी लागली, तरी ती खोड काही गेली नाही. पाऊस संपलेला आणि थंडी अजून लांब, अशा या मधल्या दिवसांत इथली हवा पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखी होते. यंदाही तसंच ऊन आहे. खाली पार्किंगमध्ये आमची जीप उभी आहे. तिच्या नाकावरचा हार सुकत चाललाय. मी खिडकीतून तिच्याकडे बघतो आहे, म्हणजे खरं तर तिच्या चाकांखालच्या सावलीकडे.

आमचं गाव बीडकडच्या डोंगरातलं. तिथे दसरा म्हणजे निघायची वेळ. साखर कारखाने सुरू व्हायचे आणि गावातली निम्मी माणसं ऊस तोडायला घाटाखाली जायची, ती उन्हाळा लागल्यावर परत यायची. माझे आईवडील त्यांतलेच. आईला आम्ही माय म्हणतो. माय दसऱ्यानंतर एका सकाळी सगळं घर गाडीत भरायची. पिठाचा डबा, तवा, पाण्याचा ड्रम, वाकळा, कंदील, कोंबड्यांची पाटी. सगळ्यांत शेवटी कोयते. घरात काय उरायचं, तर देव आणि कणगीच्या तळाशी मुद्दाम ठेवलेली मूठभर ज्वारी. घर अगदी रिकामं करू नये म्हणतात. मग कडीला कुलूप घालून ती निघायची, ती मागे वळून न बघता. मागे बघितलं की पाय निघत नाही, असं आमच्याकडे सगळ्याच बायका मानतात.

म्हणून गेल्या वर्षी याच दिवसांत, याच उन्हात, आपण होऊन एका गाडीत चूल, पाणी आणि अंथरूण भरायला घेतलं, तेव्हा शेवटी कोयते ठेवायचे राहिलेत असं मला वाटत राहिलं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

कल्पना मेघनाची, माझ्या बायकोची. ती शाळेत भूगोल शिकवते. घाटकोपरच्या चाळीत एका खोलीत सात माणसांत वाढली. तिचे आजोबा मालवणकडून गिरणीत आले होते. रात्री कूस बदलायची तर शेजारच्या बहिणीला विचारावं लागे, असं ती हसत सांगते. तिचं लहानपणापासूनचं एकच स्वप्न: जिथे भिंतीपलीकडे कुणी खोकत नाही अशा ठिकाणी झोपायचं. आणि मुलांना नकाशावर दाखवते ते कन्याकुमारीचं टोक एकदा स्वतःच्या पायाखाली घ्यायचं. तिच्या मामांची एक जुनी जीप होती, चारी चाकांना जोर असलेली, कणकवलीकडच्या आमराईत आंब्याच्या पेट्या वाहून दमलेली. मामा थकले आणि जीप आमच्याकडे आली. दिवाळीच्या सुट्टीत तिच्यातच राहत, तिच्यातच स्वयंपाक करत दक्षिणेपर्यंत जायचं ठरलं. मी, मेघना आणि आमची पाच वर्षांची ओवी.

ठरलं म्हणजे मेघनानं ठरवलं. ओवीचं मात्र माझ्या मनात ठरत नव्हतं. तिला न्यावं की ठेवावं, एवढा एकच प्रश्न गेल्या वर्षीचा तो सबंध ऋतू माझ्या छातीवर बसून होता.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात जीपचं काम चाललं होतं. गाळा हरेशदादांचा. ते गोराईचे कोळी. घरचे सगळे अजून बोटीवर, हे एकटे वेल्डिंगमध्ये आले. मागची समोरासमोरची बाकं त्यांनी काढली तेव्हा आतून आंब्याच्या पेट्यांतल्या पेंढ्याचा जुना वास आला. मग तळाला फोम, वर प्लाय, त्यावर सरकणारे खण. एका खणात शेगडी, एकात भांडी, एकात कपडे. बाजूला पाण्याची टाकी आणि तिला हातानं दाबायचा छोटा पंप. वर घडी उलगडली की पलंग. जीपच्या अंगाला कुठेही कापाकापी करायची नव्हती, सगळं चार बोल्ट सोडले की बाहेर येईल असं.

शनिवारी दुपारी आम्ही तिथे जायचो. पत्र्याखाली ऊन तापलेलं असायचं, वेल्डिंगच्या ठिणग्यांचा जळका वास, चिकटपट्ट्यांचा गोड वास. ओवी लाकडाचा भुसा मुठीत घेऊन उधळायची. पहिल्यांदा पलंग बसवला त्या दिवशी हरेशदादा म्हणाले, "साहेब, झोपून बघा. लांबी बरोबर आहे का सांगा."

मी वाकून आत गेलो आणि आडवा झालो. छत अगदी नाकाजवळ आलं. उशाला पाण्याची टाकी, पायाशी शेगडी, भिंतीला टांगलेला दिवा. एका क्षणात मला पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचा, वास आला. तिथे पाचट कुठून येणार? पण आला. ऊसतोडीच्या रानात आमची जी झोपडी असायची, तिला कोप म्हणतात. तिच्यातही असंच वाकून शिरायचं, असंच उशाला पाणी, पायाशी चूल. मी घाईघाईनं बाहेर आलो. घाम पुसला.

"काय झालं? कमी पडली?" मेघनानं विचारलं.

"नाही. बरोबर आहे."

"मग चेहरा का असा? आजारी पडतोयस का?"

"अहो वहिनी, साहेबांना जागा कमी वाटली," हरेशदादा हसले. "आमच्या बोटीवर याच्यापेक्षा कमी जागेत सहा जणं झोपतात. आणि वर मासे!"

सगळे हसले. मीही हसलो.

माझी एक सवय मात्र त्या दिवसांत उघडी पडली. त्याआधी आमच्याकडे गाडी कधी नव्हतीच, त्यामुळे मलाही ती ठाऊक नव्हती. जीप पहिल्यांदा गाळ्यातून बाहेर काढायची होती. मी किल्ली घेतली, दार उघडलं आणि न चढता खाली वाकलो. एक चाक बघितलं. मागे जाऊन दुसरं बघितलं. पलीकडून तिसरं, चौथं. मग चढलो. दुसऱ्या वेळीही तेच. पेट्रोल भरायला थांबलो तिथेही तेच. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले.

"साहेब, चाकाखाली काय सोनं सांडलंय?" हरेशदादा विचारायचे.

मेघनाला आधी वाटलं, ऑइल गळतंय. मग एकदा तिनं कमरेवर हात ठेवून धरलंच मला. "खरं सांग, काय बघतोस तू?"

"मांजर असतं कधी कधी. उन्हाचं गाडीखाली झोपतं."

"आपल्या बिल्डिंगमधलं? अरे, त्या मांजरांना चौथ्या मजल्यावरच्या काकू रोज बोंबील घालतात. ती काकूंचा जिना सोडून तुझ्या जीपखाली कशाला मरायला येतील?"

मरायला हा शब्द तिनं सहज वापरला. मी त्या दुपारी जेवलो नाही.

एकच वर्ष असं होतं, जेव्हा मायनं मला सोबत नेलं होतं. मी आठ वर्षांचा असेन. एरवी मी आजोळी आजीकडे राहायचो; ती त्याच पावसाळ्यात गेली होती, त्यामुळे मला आणि धाकट्या मुक्ताला ठेवायला आता कुणी नव्हतं. मुक्ता नुकती चालायला लागली होती. रानात ऊस तोडताना बायका लहान लेकरांच्या पायाला लुगड्याची चिंधी बांधून दुसरं टोक खुंटीला बांधतात. लेकरू हिंडतं, पण चिंधीइतकंच. मुक्ताचा पाय त्या दिवशी काचून सुजला होता, म्हणून मायनं चिंधी सोडली आणि तिला पाचटाच्या ढिगाच्या सावलीत वाकळेवर निजवलं. वर असंच ऊन होतं, दिवाळीच्या आगेमागेचं. सावली सरकत गेली. मुक्ता जागी झाली असेल, अंगावर ऊन आलं असेल, आणि ती सावलीच्या मागे रांगत गेली असेल. रानात दुसरी सावली कुठली, तर भरायला लावलेल्या ट्रॉलीखालची. तिथे तिला पुन्हा झोप लागली असेल.

मी ट्रॉलीच्या अलीकडच्या बाजूला खाली बसून पायात घुसलेलं उसाचं धारदार कुसळ काढत होतो. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी चालली होती. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, ट्रॉली पुढच्या सरीपाशी घ्यायला. आणि मला दोन चाकांच्या मधून पलीकडे मायचा चेहरा दिसला, जमिनीला टेकलेला, कपाळावर माती. ती ओरडली नाही. ओरडली असती तरी गाण्यांत कुणाला ऐकू गेलं नसतं. ती अर्धी आत शिरली, मुक्ताचा पाय धरला आणि ओढली. चाक फिरलं. मुक्ताच्या टोपड्याची नाडी चाकाखाली गेली आणि तटकन तुटली.

ओढल्यावरही मुक्ता जागी झाली नाही. ट्रॅक्टर गाणी वाजवत पुढे गेला. माय थोडा वेळ तिला मांडीवर घेऊन बसली, मग पाठीशी बांधून परत कोयता हातात घेतला. काहीच झालं नव्हतं. त्याबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

पण त्यानंतर माय थांबलेली एसटीसुद्धा वाकून बघायची. गावातले लोक हसायचे.

पुढच्या वर्षी आमच्या शाळेतच हंगामी वसतिगृह सुरू झालं, मागे राहणाऱ्या लेकरांसाठी. मायनं मला आणि मागाहून मुक्तालाही तिथेच ठेवलं. तिथल्या गरम भाकरीचे, कंदिलाशेजारी बसून गणितं समजावणाऱ्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. ते मी विसरू शकत नाही. तिथे राहिलो नसतो तर माझ्या हातात आज कोयता असता. तालुक्याच्या शाळेत गेलो, पुढे पदवीधर झालो, घरात पहिलाच. माय पदवीच्या फोटोतल्या माझ्या काळ्या झग्यावरून बोट फिरवत म्हणाली होती, "आता तुझ्या घराला चाकं न्हाईत लागायची." अंधेरीच्या कंपनीत आज मी थंड हवेत बसून काम करतो ते त्या वसतिगृहामुळे. हे सगळं खरं आहे. आणि दर दसऱ्यानंतर शाळेच्या फाटकात उभं राहून मी लांब जाणाऱ्या गाडीमागची धूळ बघायचो, हेही खरं आहे.

लेकराला सोबत न्यावं तर चाक. ठेवावं तर धूळ. मला तिसरं काही माहीत नव्हतं.

मुक्ता आता लातूरला परिचारिका आहे. तिला फोन करून मी जीपचं सांगितलं, चाकांचंही सांगितलं. ती खळखळून हसली.

"दादा, मला तर त्यातलं काहीच आठवत नाही. मी निघाले की तिथून! तू आणि मायच अजून त्या ट्रॉलीखाली बसलाय."

दिवाळीला माय बोरिवलीला आली. अण्णा, माझे वडील, गेल्यापासून ती गावी एकटी असते. पाठ वाकली आहे, ऊस सुटून बरीच वर्षं झाली, पण चालताना उजवा हात अजून कोयता धरल्यासारखा किंचित मुठीत असतो. ओवीनं तिला हाताला धरून पार्किंगमध्ये नेलं. "आजी, बघ आमचं घर!"

मी मागोमाग गेलो. मेघना उत्साहानं एकेक खण ओढून दाखवत होती. हा गॅस, ही भांडी, हे पाणी, इथे दिवा, इथे आम्ही झोपणार, ओवी मधे. तिनं टाकीवर हात ठेवला. शेगडीवर ठेवला. पलंगावरची गोधडी दोन बोटांत धरून सोडून दिली. मग माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. त्यात नुसतं भय होतं, माझ्यातलंच.

"ही तर कोप हाय," ती म्हणाली. "तुला यासाठी शिकिवलं व्हय रं?"

"आई, हे फिरायला आहे," मेघना म्हणाली. "हौस म्हणून. सुट्टी संपली की परत."

"आमी बी परतच यायचो, बाई."

मेघनानं उघडा खण आत लोटला. मायनं ओवीला जवळ ओढून घेतलं. "तुमी दोघं जा. हिंडा. लेकरू माज्यापाशी ऱ्हाऊ द्या. गाडीत लेकरू निजवू नका."

"असं कसं आई? तिच्यासाठीच तर चाललंय सगळं!" मेघना माझ्याकडे वळली. "तू बोल ना काहीतरी!"

मी जीपचं मागचं दार लावायला घेतलं. ओवी आजीच्या पदराआडून माझ्याकडे बघत होती. मीही असाच फाटकाच्या गजांतून बघायचो. पण त्याच क्षणी मला मोठ्या रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर दिसत होते. आम्ही साताऱ्याकडून, कोल्हापूरकडून जाणार होतो, ऐन हंगामात. दोन दोन ट्रॉल्या ओढत ते डुलत जातात. रस्त्याच्या कडेला आम्ही थांबलेलो, दुपारचं ऊन, ओवी सावली शोधत...

रात्री जेवणं झाली. मेघनानं भांडी जरा जास्तच जोरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेघना ओवीला घेऊन फटाके आणायला गेली होती. माय गॅलरीत बसून लसूण सोलत होती. खाली मुलं किल्ला करत होती, चिखलाचा वास वर येत होता. मी तिच्याशेजारी बसलो. मीही एक गड्डा फोडायला घेतला. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आमी निघायचो तवा तू मागं रडायचास का रं?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. ती वळून बघत नव्हती, त्यामुळे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. नाही म्हणावं असं वाटलं. तिनं जे केलं ते माझ्यासाठी केलं, त्यावर माझं सगळं उभं आहे.

"रडायचो," मी म्हणालो. "धूळ बसेपर्यंत. मग बाई आत न्यायच्या."

तिच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. सालं वाऱ्यावर उडाली, ती तिनं गोळा केली नाहीत.

"मला वाटायचं, तू खेळत असशील," ती म्हणाली. मग आत गेली.

निघायच्या सकाळी उठलो तेव्हा ओवीचे फ्रॉक घड्या घालून जीपच्या खणात लावलेले होते. मेघनानं लावले नव्हते. शेगडीच्या खणात एका फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि चटणी होती. मेघनानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. "आई, तुम्हीपण चला ना," ती म्हणाली. "जागा करू. खरंच."

"मला नको गं. मी लय हिंडले." मायनं मधल्या सीटवर बसवलेल्या ओवीच्या खुर्चीचा पट्टा हातात घेतला, ओढून बघितला, दोन्ही हातांनी आणखी एकदा ओढून बघितला. "ह्ये कशाचं हाय?"

"सीटबेल्ट. गाडी चालू असताना तिला यातच बांधून ठेवायचं."

"सुटत न्हाई?"

"नाही सुटत."

"पाय काचत न्हाई?"

"पायाला नसतो, आई. छातीवरून येतो."

"मंग बरं हाय," ती म्हणाली आणि पट्टा सोडला, तरी हात तिथेच राहिला.

पार्किंगमध्ये अजून ऊन आलं नव्हतं. वॉचमननं गेट उघडलं. मेघना पुढे बसून नकाशा लावत होती. मी किल्ली घेतली, दार उघडलं आणि सवयीनं खाली वाकलो. पुढचं चाक बघितलं. मागच्या चाकाशी गेलो, गुडघे टेकले, मान खाली घातली.

दोन चाकांच्या मधून पलीकडे मायचा चेहरा होता. जमिनीला टेकलेला. कपाळावर पार्किंगची धूळ.

आम्ही दोघंही हललो नाही. तिचे डोळे चाकांमागची काळोखी जागा निरखत सावकाश फिरले आणि माझ्यावर येऊन थांबले. मी आठ वर्षांचा होतो. मला गाण्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता इंजिन सुरू होईल, आणि किल्ली माझ्याच मुठीत होती.

तेवढ्यात माझ्या आणि तिच्या मधे, जीपच्या मागच्या बाजूनं, तिसरा चेहरा उलटा होऊन खाली आला. वेण्या जमिनीवर लोळत होत्या.

"तुम्ही दोघं कुणाला शोधताय?" ओवीनं विचारलं.

ती चाकाच्या अगदी जवळ होती.

"तुलाच गं, माझे माय," मायचा आवाज गाडीखालून आला. "ये. सापडलीस."

पलीकडून तिचा हात आला आणि तिनं ओवीचं मनगट धरलं. घट्ट. मग कमरेवर हात ठेवून ती कशीबशी उठली, ओवीला स्वतः उचलून खुर्चीत बसवलं आणि पट्टा लावायला लागली. तो तिला नीट लागेना. ओवीनं तिचं बोट धरून कुठे दाबायचं ते दाखवलं. टक् असा आवाज झाला.

"चारी चाकं बघितलीत मी," माय मला म्हणाली. "कुणी न्हाई. काढ गाडी."

मी गाडी काढली. गेटमधून बाहेर पडताना आरशात बघितलं. ती मागे उभी होती, कपाळावरची धूळ तशीच. मेघना म्हणाली, "ओवी, आजीला टाटा कर." ओवीनं मान वळवून मागच्या काचेतून हात हलवला. वळण येईपर्यंत ती हात हलवत होती, आणि मीही वळण येईपर्यंत आरशातच बघत होतो.